एकाच अधिवेशनात दोन खुर्च्या

नाही, पण मला एक सांगा, सारखं म्हणजे नेमकं किती सारखं? जुळी पोरं घ्या. त्यांच्या आईला विचारलंत तर म्हणेल, छे, काडीचं साम्य नाही दोघांत! आणि शाळेतल्या शिपायाला विचारलंत तर म्हणेल, मला तर एकच पोरगा दोनदा आत गेल्यासारखा वाटतो. मग? खरं कोणाचं धरायचं? तुम्हाला सांगतो, गेले आठ दिवस मी हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरतोय, जेवताना, जिना चढताना, दाढी करताना... परवा अर्धीच दाढी करून ऑफिसला निघालो होतो, बायकोनं दारातून परत बोलावलं, "अहो, उरलेली कोण करणार?" आता तिला काय सांगू, कसल्या विचारात होतो! नोकरी राहते की जाते त्याच्या नाही हो... म्हणजे त्याच्याही, पण तो विचार दोन नंबरला. एक नंबरला आमची ताई. ताई आणि ताईचे पाय.

थांबा, असं मधूनच नको, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस कामातून गेला. तर मी सभागृहाच्या कार्यालयात आहे, विधेयक कक्षात. म्हणजे कायदे करतात ते खाली, सभागृहात, मऊ बाकांवर बसून, आणि त्या कायद्यांचे कागद जिथे तयार होतात ती आमची खोली वर, तिसऱ्या मजल्यावर, जिची एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी मिटत नाही. बावीस वर्षं झाली मला तिथे. एखादे सदस्य येतात, म्हणतात, "अहो, मला कुत्र्यांबद्दल एक कायदा आणायचाय." मी विचारतो, साहेब, कुत्र्यांच्या बाजूनं की विरुद्ध? "ते तुम्ही बघून घ्या हो!" आणि गेले! मग मी बसतो बघत. मसुदा माझा, शब्द माझे, रात्रीची झोप माझी गेलेली, आणि छापून येतं त्यांचं नाव. त्याबद्दल तक्रार नाही. पगार त्याचाच घेतो.

आता ताई. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं, शाळेत हिनंच घातलं आणि मी पळून आलो की परतही हिनंच नेऊन बसवलं. एकतीस वर्षं ती एका पडद्यांच्या आणि चादरींच्या दुकानात काम करते. सकाळी दहा ते रात्री आठ. उभ्यानं! कारण मालकांचं एक ठरलेलं आहे, "गिऱ्हाईक असो नसो, दुकानातला माणूस उभा दिसला पाहिजे. बसलेला माणूस दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही." म्हणजे दुकान चालावं म्हणून हिनं चालायचं सुद्धा नाही, नुसतं उभं राहायचं! घरी येते तेव्हा पाय असे सुजलेले असतात... मी एकदा विचारलं, ताई, फार दुखतात का गं? तर हसून म्हणाली, "दुखायचं काय त्यात? सकाळी चपलेचा पट्टा तिसऱ्या भोकात लागतो आणि संध्याकाळी पहिल्यातसुद्धा लागत नाही, एवढंच." एवढंच म्हणे! डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर ह्या नसा एक दिवस फुटतील. आणि मी तिचा भाऊ, बावीस वर्षं कुत्र्यांचे आणि पाट्यांचे आणि भोंग्यांचे कायदे लिहितोय!

तेव्हा ह्या अधिवेशनाच्या आधी मी ठरवलं, बस्स. आता खुर्चीचा कायदा. दुकानात उभ्यानं काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला बसायला खुर्ची आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं. जास्त मागितलं का मी? सांगा ना!

पण मी कारकून माणूस, मला विधेयक मांडता येत नाही. मांडायला सदस्य लागतो. आणि देवाच्या दयेनं त्याच दिवशी आमचे गॉगलवाले आले. हे सत्ताधारी बाजूचे, घरात, गाडीत, लिफ्टमध्ये, सगळीकडे काळा चष्मा. म्हणाले, "दहा दिवसांवर अधिवेशन आलं, माझ्या नावावर काहीच नाही. द्या काहीतरी." मी घसा खाकरला. साहेब, दुकानातल्या कामगारांना बसायला खुर्ची? म्हणाले, "मतं किती त्यात?" मी म्हटलं, साहेब, दुकानं किती! त्यांनी गॉगल काढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे पाहिले. "लिहा!" म्हणाले.

इथे थांबायला हवं होतं की नाही? कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण माझा स्वभाव असा, दाराला कुलूप लावून खाली गेलो की कुलूप लावलं का ते बघायला पुन्हा वर येणारा मी. मला काय सुचावं? की सदस्यांची विधेयकं येतात चाळीस-पंचेचाळीस आणि वेळ असतो जेमतेम चारांना, म्हणून चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात. आमच्या गॉगलवाल्यांची चिठ्ठी निघालीच नाही तर? मग ताईनं अजून सहा महिने उभं राहायचं? तर म्हटलं, एकाऐवजी दोन चिठ्ठ्या असल्या डब्यात तर? त्याच आठवड्यात विरोधी बाजूचे मास्तर आले. मास्तर म्हणजे खरेच मास्तर, तीस वर्षं शाळेत शिकवून राजकारणात आलेले, बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालतो. मी म्हटलं, मास्तर, उभं राहून काम करणाऱ्यांचा एक विषय आहे बघा... त्यांचे डोळेच भरून आले. "अहो, तीस वर्षं फळ्यापुढं उभा होतो मी! द्या, द्या!"

दिला! आता दोन्ही मसुदे तंतोतंत एकच असून कसं चालेल? मग मी मास्तरांच्या मसुद्यात खुर्चीचं आसन केलं. दुकानाचं विक्रीचं ठिकाण केलं. दर दोन तासांनी दहा मिनिटं होती, तिथे चार तासांत वीस मिनिटं केली. तिसरं कलम उचलून पहिलं केलं, पहिलं नेऊन शेवटी टाकलं. सगळं फिरवलं. फक्त एक वाक्य मला बदलता आलं नाही. हा कायदा का हवा, हे सांगणारा एक परिच्छेद असतो मागे, त्यात मी ताईचं ते चपलेच्या पट्ट्याचं वाक्य घातलं होतं. ते दुसऱ्या शब्दांत लिहून बघितलं, खोटं वाटायला लागलं. ठेवलं तसंच.

आणि आता तुम्ही म्हणाल, अरे, बावीस वर्षं त्या खोलीत बसतोस, तुला नियम माहीत नव्हता? माहीत नव्हता? पाठ आहे मला! एका अधिवेशनात सभागृहानं एका विधेयकावर एकदा होय किंवा नाही असा निर्णय दिला, की त्याच्यासारखंच दुसरं विधेयक त्या अधिवेशनात पुन्हा घ्यायचं नाही. झोपेत विचारा, सांगेन. पण मी काय हिशेब केला, पहिलं मंजूर झालं तर दुसऱ्याची गरजच काय? आणि पहिलं पडेल... पहिलं पडेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही हो! खुर्चीला कोण नाही म्हणेल?

चिठ्ठ्या निघाल्या. आणि दोन्हीचे नंबर लागले! मास्तरांचं ह्या आठवड्यात, गॉगलवाल्यांचं पुढच्या. मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला, कशाबद्दल ते सांगितलं नाही. ताईला फोन केला, ताई, तुझ्यासाठी दोन-दोन खुर्च्या लागल्यात! ती म्हणाली, "मला एकच पुरे रे. दोनांवर कशी बसू?"

तो दिवस उजाडला. मी खाली सभागृहात, अधिकाऱ्यांसाठी कडेला जी जागा असते तिथे, फाइल मांडीवर घेऊन. मास्तर उठले. पहिली पाच मिनिटं इतकं सुंदर बोलले, इतकं सुंदर, की चपलेच्या पट्ट्याचं वाक्य आलं तेव्हा समोरच्या बाकावरचे दोघं जण आपापल्या पायांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं काम! तेवढ्यात मास्तरांची नजर मंत्र्यांकडे गेली. आणि घसरले! "दुकानातल्या माणसाला खुर्ची नाही, आणि हे बघा, हे सात वर्षं खुर्चीतून उठायला तयार नाहीत!" झालं. पुढची पस्तीस मिनिटं दुकान नाही, पाय नाहीत, चप्पल नाही, नुसती मंत्र्यांची खुर्ची! ती कशी मिळवली, कोणाला ढकलून मिळवली, तिच्यावर बसून काय काय केलं... समोरची बाजू लालबुंद.

तरी मंत्री बिचारे शांतपणे उठले, म्हणाले, "विषय चांगला आहे, सरकार विचार करेल, सन्मानीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं." आता तुम्हाला सांगतो, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मंत्री आश्वासन देतात, सदस्य मागे घेतात, दोघांची शान राहते. आणि मागे घेतलं म्हणजे सभागृहानं निर्णय दिला नाही, म्हणजे पुढच्या आठवड्यात गॉगलवाल्यांचं विधेयक घ्यायला रस्ता मोकळा! मी खुर्चीच्या टोकावर. मनात म्हणतोय, घ्या मागे, मास्तर, घ्या... मास्तर घेईनात! मला काही राहवेना. मी चिठ्ठी लिहिली, कृपया मागे घ्यावे, आणि शिपायाच्या हाती पाठवली. नव्हती पाठवायची! हात तोडून ठेवायला हवा होता! मास्तरांनी चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून सगळीकडे बघितलं आणि चिठ्ठी हवेत धरून ओरडले, "अध्यक्ष महोदय, आत्ता, ह्या क्षणी मला चिठ्ठी आली आहे! मागे घ्या म्हणून! हा दबाव आहे! मी दबावाला भीक घालत नाही! मतदान घ्या!"

अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. इकडून होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. तिकडून असा "नाही" आला, असा आला, की वरचे दिवे हलल्यासारखे वाटले मला. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? उभं राहून, बाक बडवून? आमच्या गॉगलवाल्यांचा! ज्यांच्या खिशात तेच विधेयक घडी घालून ठेवलेलं, ते!

सभागृह उठलं आणि गॉगलवाले मला जिन्यात गाठून पाठीवर थाप मारून म्हणतात काय, "कसं पाडलं? आता पुढच्या आठवड्यात आपलं!" मी म्हटलं, साहेब, पण आपलं म्हणजे तेच हो. म्हणाले, "तेच कसं? त्यांचं आसन होतं, आपली खुर्ची आहे!" सारखं म्हणजे नेमकं किती सारखं, हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या जिन्यात पडला, आणि तेव्हापासून मी काही नीट जेवलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे कक्षाच्या प्रमुख, फार कमी बोलतात, आणि त्या कमी बोलण्याचीच भीती. टेबलावर दोन्ही विधेयकं शेजारी शेजारी. "ही दोन्ही सारखी आहेत का, ह्यावर टिप्पणी द्यायची आहे. तुमचं काय मत?"

आता बघा माझी गंमत! पंधरा दिवसांपूर्वी मीच घाम गाळून सारख्याचं वेगळं दिसेलसं केलं, आणि आता मलाच सिद्ध करायचं होतं की ते वेगळंच आहे. मी सुरू झालो. बाई, खुर्चीला पाठ असते, आसनाला असेलच असं नाही. बाई, दुकान म्हणजे चार भिंती, विक्रीचं ठिकाण म्हणजे रस्त्यावरची गाडीसुद्धा. बाई, दोन तासांत दहा आणि चार तासांत वीस हे एक नव्हे, कारण तिसऱ्या तासाला माणसाचे पाय... बाई नुसत्या बघत होत्या. मी बोलतोय, बोलतोय, स्टुलावर आलो, बाकावर आलो, तिपाईवर आलो... शेवटी घशाला कोरड पडली आणि मी थांबलो.

बाई म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. काल आपण सभागृहाला काय विचारलं?"

मी म्हटलं, दुकानातल्या माणसाला बसू द्यायचं का.

"आणि पुढच्या आठवड्यात काय विचारणार?"

मी टेबलावरचे कागद उगाच एका रेषेत लावले.

"सभागृह एकदा नाही म्हणालं. तेच पुन्हा शब्द फिरवून विचारायचं, आणि पुन्हा, दमून हो म्हणेपर्यंत? मग उद्या एखाद्यानं वाईट कायदा असाच दामटला तर त्याला काय सांगाल?"

आणि हेच तर माझं दुखणं आहे! नियम वाईट असता ना, तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण नियम चांगला आहे हो! बावीस वर्षं मीच नवीन पोरांना शिकवत आलोय, किती चांगला आहे ते!

मग बाईंनी दोन्ही कागद उलटले, मागचा परिच्छेद वाचला. एकात वाचला, दुसऱ्यात वाचला. बोट एका ओळीवर थांबलं. "हे चपलेच्या पट्ट्याचं वाक्य कोणाचं?"

मी म्हटलं, माझ्या बहिणीचं.

त्यांनी ओळीवरचं बोट उचललं. मग कागद माझ्याकडे सरकवले. "टिप्पणी तुम्हीच लिहा. सारखं आहे, एवढंच. दोन्ही मसुदे कोणी केले, हे मी तुम्हाला विचारलेलं नाही." दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या अधिवेशनात आणता येईल. एकच आणा."

लिहिली मी टिप्पणी. चार ओळी. माझ्या ताईची खुर्ची मी माझ्या हातानं, माझ्या सहीनं काढून घेतली. गॉगलवाले म्हणाले, "मग मला कुत्र्यांचं काहीतरी द्या." दिलं.

आता ताईला सांगायला नको? फोनवर कसं सांगणार! अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक एकही नाही, आणि ताई उभी. भिंतीला टेकून, एक पाय उचलून दुसऱ्या पायावर घासत. मी काही बोलणार एवढ्यात गल्ल्यावरून मालक उठले, हातात वर्तमानपत्र. "या या, साहेब! वाचलं. सभागृहानं बसण्याची मागणी फेटाळली. बरं झालं, एकदाचा निकाल लागला."

मी म्हटलं, निकाल कसला?

तर मालक माझ्या कानाशी येऊन काय सांगतात! म्हणे, "साहेब, तुमच्यापासून काय लपवायचं, मागच्या पडद्यांच्या आड चादरींचा एक गठ्ठा ठेवलेला असायचा. दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तुमच्या ताई त्यावर बसायच्या. बारा वर्षं! मला काय माहीत नव्हतं? मी कानाडोळा करायचो. म्हटलं, वयस्क बाई आहेत, बसू देत. पण आता एवढ्या मोठ्या सभागृहानं विचार करून, मतदान घेऊन नको म्हटल्यावर... मी कोण हो बसू देणारा? काल गठ्ठा माळ्यावर टाकला."

मी म्हटलं, मालक, अहो, कायदा नाकारला म्हणजे मनाई केली असं नव्हे हो! सभागृहानं बसू नका असं सांगितलेलं नाही, बसायलाच पाहिजे असं सांगायला फक्त नकार दिलाय! ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे!

मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "काय साहेब, दोन्ही सारखंच की."

सांगा! आता सांगा, सारखं म्हणजे नेमकं किती सारखं? मी तिथे, त्या पडद्यांच्या दुकानात, अर्धा तास मालकांना समजावत होतो. घाम आला, आवाज चढला, एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं. काही उपयोग नाही. मग ताईकडे वळलो. म्हटलं, ताई, बारा वर्षं तुला बसायला होतं? मला का नाही सांगितलंस गं? ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू लगेच त्याचा कागद केला असतास."

रागावली असती तर बरं झालं असतं. नाही रागावली. उलट मलाच विचारते, "जेवलास का? तोंड किती उतरलंय तुझं." मला रडूच यायला लागलं, चांगला पन्नाशीचा माणूस मी, चादरींच्या ढिगाआड उभा राहून डोळे पुसतोय! तिनं हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आधाराला ठेवला, तो पाय बदलायला, आणि म्हणाली, "हे बघ, मला खुर्ची नको, आसन नको, दहा मिनिटं नकोत. तू मोठ्या ठिकाणी आहेस, तुझं ऐकतात. तेवढा माझा गठ्ठा मला परत मिळवून दे."

आणि तुम्हाला सांगतो, शप्पथ, मला म्हणायचं होतं, हो ताई, देतो, आत्ता माळ्यावर चढून काढतो... पण बावीस वर्षांची सवय हो! तोंडातून निघून गेलं, "ताई, ह्या अधिवेशनात नाही घेता येणार. विषय तोच आहे."